फुकटच्या टाळ्या

त्यांना सगळे मास्तरच म्हणत. आता बाईमाणूस, शाळेचं तोंड चौथीनंतर पाहिलेलं नाही, आणि म्हणे मास्तर. पण शिवणाच्या धंद्यात कापड कापतो तो मास्तर, मग तो कुणी का असेना. एकदोघांनी सुरुवातीला 'मास्तरीणबाई' म्हणून पाहिलं. त्यावर त्यांनी कात्री खाली ठेवून विचारलं, "मास्तरीण म्हणजे मास्तरची बायको. कापते मी आणि मान नवऱ्याला? नवरा लाकडाच्या वखारीत ओंडके मोजतो. त्याला सुतळी सरळ कापता येत नाही." त्या दिवसापासून मास्तर ते मास्तर.

दुकान एका शटरचं. आत एक लांब टेबल, शिवणाची दोन मशीनं, भिंतीला टेकवलेले कापडाचे तागे, आणि एक आरसा, ज्यात सगळ्या बायका जरा बारीक दिसतात. तो आरसा मुद्दाम तसा निवडलेला, असं लोक म्हणत. टेबलावर मास्तर आणि मशीनवर त्यांची धाकटी जाऊ. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. त्यांतला थोरला, वखारीतला, जाऊन बरीच वर्षं झाली; धाकटा नोकरीच्या गावी, आणि मास्तरांचा मुलगाही तिकडेच. म्हणजे दुकान काय, घर काय, जावाजावांचंच राज्य. आणि राज्याचा कायदा एकच: कापणारीने शिवायचं नाही, शिवणारीने कापायचं नाही. जावाजावांचं इतकी वर्षं पटलं ते या कायद्यामुळे. नाहीतर एका भांड्यात दोन चमचे, आवाज होणारच.

अशा सगळ्या सुरळीत चाललेल्या संसारात एका सकाळी मास्तरांच्या हातातून कात्री पडली. धाकटीने मशीनवरून मान वर केली ती त्या आवाजानेच, कारण तो आवाज तिने आयुष्यात कधी ऐकला नव्हता. बघते तर मास्तरांचं अर्धं तोंड एकीकडे, आणि त्या काहीतरी सांगतायत, पण शब्दच होत नाहीत. अर्धांगाचा झटका. गल्लीतल्यांनी उचललं, दवाखान्यात नेलं, जीव वाचला. पुढे जीभ परत आली, सगळ्यात आधी आली, हे घरच्यांचं नशीब म्हणायचं की आणखी काही ते ज्याचं त्याने ठरवावं. मग पाय आला. उजवा हात मात्र आला नाही. खांद्याला लोंबत राहिला, पाहुण्यासारखा. ना कामाचा, ना जाण्याचा.

इकडे टेबल ओस. धाकटी उंची कमी कर, चेन बदल, असली किरकोळ कामं घेऊन दिवस ढकलत होती. समोरच्या रांगेतला एक कापणारा काम आहे का विचारायला आला, तेव्हा मास्तर खुर्चीत बसलेल्या होत्या.

"माझ्या टेबलाला हात लावलास तर हात राहायचा नाही," त्या म्हणाल्या. तो बिचारा चहाही न घेता गेला.

"ताई, असं किती दिवस?" धाकटी म्हणाली. "लग्नसराईपर्यंत थांबते. तोवर हात आला तर टेबल तुमचं. नाही आला तर मला मास्तर ठेवायलाच हवा. पोटाचा प्रश्न आहे."

"येईल. न येऊन सांगतो कुणाला?"

तर असा सौदा ठरला. टेबल पाहिजे तर हात पाहिजे. आणि हात मिळायचं ठिकाण म्हणजे दवाखान्याचा तळमजला.

तिथे एक हॉल होता. खिडक्या वर छताजवळ, त्यातून नुसते लोकांचे पाय दिसत. हॉलमध्ये ओळीने मशीनं, आणि प्रत्येक मशीनसमोर एक न चालणारा हात घेऊन बसलेलं माणूस. मशीन म्हणजे कोपरापासून पुढचा हात ठेवायची एक पन्हळ, वर पट्टे, टोकाला मुठीत धरायचा दांडा, आणि समोर टीव्हीसारखा पडदा. पडद्यावर झाड. झाडावरून फळं पडतात. हात हलवला की खालची टोपली हलते, मूठ मिटली की फळ टोपलीत, मूठ उघडली की झाडावरून पुढचं फळ सुटणार. एक फळ टोपलीत पडलं की लगेच रंगीत कागदांचा पाऊस, टाळ्यांचा कडकडाट, आणि लाडिक आवाज: "शाब्बास! किती छान!"

मास्तरांचं डोकं पहिल्याच दिवशी फिरलं. "हे काय? मी काय बोरन्हाण घ्यायला आलेय?"

व्यायाम करून घेणारी मॅडम हसली. "आजी, मजा येते हो. खेळत खेळत हात बरा होतो."

"आजी कोणाची गं? अजून माझ्या मुलाने सूनही आणलेली नाही."

शेजारच्या मशीनवर एक रिटायर झालेले बस ड्रायव्हर बसत. त्यांचा डावा हात गेलेला. टाळ्या वाजल्या की ते पडद्याकडे मान लववून नमस्कार करीत. "रागावता कशाला बाई? चाळीस वर्षं गाडी हाकली, एका प्रवाशाने टाळी वाजवली नाही. इथं आंबा पकडला तर वाजतायत."

"तो आंबा नाही. ते सफरचंद आहे."

"मला चष्मा नको म्हणून मी सगळ्यांना आंबाच म्हणतो."

पण आता माणसाचं मन बघा कसं असतं. तोंडाने शिव्या देत देत मास्तर रोज यायला लागल्या. कारण त्या जिंकत होत्या. पहिल्या दिवशी दोनच फळं, मग निम्मी टोपली, मग पूर्ण. पायरी चढली की पडद्यावर शिडी दिसे आणि शिडीवर एक माकड एक पायरी वर जाई. माकड बघून त्यांना राग येई, पण माकड कुठवर गेलं हे घरी गेल्यावर धाकटीला सांगितल्याशिवाय घास उतरत नसे. टाळ्यांची सवय साखरेसारखी. नको नको म्हणत चहात दोन चमचे पडतातच.

हात थोडा हलायला लागला तसे दुकानात धाकटीने सरावाला अस्तराचे तुकडे दिले. दुपारी टेबलाशी बसून मास्तर ते कापीत. कापताना रेघ हलते आहे असं वाटे, पण चष्म्याचाही नंबर बदलला असेल म्हणून त्या सोडून देत. संध्याकाळी बघावं तर शिवलेल्या बाह्या एकदम सरळ, एकाला एक जुळलेल्या. "बघ, हात येतोय," त्या म्हणत. धाकटी दोरा दाताने तोडत "हो ताई" म्हणे.

आणि एक दिवस माकड शिडीच्या टोकाला पोचलं. सगळ्या हॉलने वळून बघितलं इतक्या टाळ्या वाजल्या. ड्रायव्हरकाकांनी उठून सलाम ठोकला.

नेमकी त्याच आठवड्यात बेकरीवाल्याची बायको दुकानात आली. मुलीचं लग्न. कापड असं आणलेलं की बोट लावलं तर पाण्यावर लावल्यासारखं वाटावं. बापाने लांबून, शोधून शोधून आणलेलं, आणि एका ड्रेसपुरतंच. धाकटी म्हणाली, "आम्ही सध्या मोठं काम घेत नाही." तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मास्तर उठल्या.

"कोण म्हणतं घेत नाही? मी कापते."

"ताई..."

"माकड वर गेलंय, धाकटे."

बेकरीवाल्याच्या बायकोला माकडाचं काही कळलं नाही, पण मास्तरांच्या हाताचा तिला अनुभव होता. तिने कापड टेबलावर ठेवलं आणि कौतुकाने बघत उभी राहिली.

पाठ कापून झाली. बाजू झाली. थोडं इकडेतिकडे, पण शिवणात जाईल इतकं. मग गळा आला. गळ्याचं वळण म्हणजे कात्री थोडी मिटायची, पुन्हा उघडायची, थोडी मिटायची, पुन्हा उघडायची. कात्री मिटली ती मिटलीच. बोटं उघडेनात. मास्तरांनी मनगटाचा झटका दिला आणि पातं गळ्यावरून थेट छातीपर्यंत गेलं.

काय झालं ते सगळ्यात आधी बेकरीवाल्याच्या बायकोला कळलं. तिने तोंडावर पदर नाही, हाताची मूठ धरली.  तिने कापड गोळा केलं, फाटलेला भाग आत दुमडला, जसं काही कुणी बघू नये, आणि समोरच्या दुकानाकडे चालू लागली. भरपाई धाकटीने नंतर नेऊन दिली. पण भरपाईने कापड येतं, ते कापड येत नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर तळमजल्यावर गेल्या त्या पन्हळीत हात न ठेवता उभ्याच राहिल्या.

"हे तुमचं यंत्र खोटं बोलतं," त्या व्यायामवाल्या मॅडमना म्हणाल्या. "मी शिडीच्या टोकाला आहे ना? मग माझी कात्री का उघडत नाही?"

"अहो, ते मशीन मदत करतं ना. आतमध्ये मोटर आहे. तुम्ही कमी पडलात की ती थोडं ढकलते. ते तर सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना म्हणजे?"

"म्हणजे आम्हाला. डॉक्टरांना. तुमच्या जावेलासुद्धा सांगितलं होतं. तुम्हालाही, वर वॉर्डात होतात तेव्हाच सांगितलं."

"वॉर्डात मला माझं नाव धड सांगता येत नव्हतं!" मास्तरांचा आवाज असा चढला की वरच्या खिडकीतले पाय थांबले. "ज्याचा हात त्यालाच पत्ता नाही, आणि बाकी गावाला माहीत! कुणी केलंय हे? त्या माणसाला बोलवा. मी इथून हलत नाही."

माणूस नव्हता, मुलगी होती. मशीनं तपासायला ती अधूनमधून यायचीच, आणि त्या दिवशी पलीकडच्या खोलीत होती. पाठीला पिशवी, गळ्यात वायरी, वय मास्तरांच्या मुलाएवढं. इंजिनियर. आधी ती मोबाइलवरचे खेळ बनवायची, म्हणून हॉलमध्ये तिला खेळवाली म्हणत.

"बसा ना आजी," ती म्हणाली.

"आजी नको म्हणूस. आणि बसवू नकोस. मला लहान पोर समजून जिंकवलंस तू. पोरांबरोबर पत्ते खेळताना मोठी माणसं हरतात, तसं. मी पोर आहे?"

मुलगी लालबुंद झाली. पण पळाली नाही, हे तिचं चांगलं. "एक विचारू? पहिल्या आठवड्यात तुम्ही रोज हरला असता, तर परत आला असता का?"

मास्तरांच्या ओठावर 'आले असते' आलं होतं. पण खोटं बोलल्याबद्दल भांडायला आलेल्या माणसाने स्वतः खोटं कसं बोलावं? "नसते आले," त्या म्हणाल्या.

"म्हणून मदत ठेवली. आधीच्या कंपनीत माझं कामच ते होतं. खेळणाऱ्याने खेळ बंद करू नये. कंटाळायला लागला की थोडं सोपं करायचं, त्याला कळू न देता."

"ते चकाट्या पिटणाऱ्या पोरांना ठीक आहे. त्यांचं काय जातं? फार तर वेळ. माझं कापड गेलं. म्हणजे माझंही नाही, दुसऱ्याच्या लेकीचं." मास्तरांना धाप लागली. "मी यायला लागल्यावर तरी सांगायचं होतंस. जिंकायला लागले तेव्हा."

 मुलगी मशीनवर हात ठेवून म्हणाली, "मदत बंद करायचं बटणच मी ठेवलेलं नाही. मॅडमनी मनात आणलं असतं तरी त्यांना बंद करता आली नसती. चूक माझी आहे."

चूक कबूल केली म्हणजे राग शमतो असं कुणी म्हणत असेल तर त्याने मास्तरांना पाहिलेलं नाही. त्या तशाच तणतणत दुकानात आल्या. धाकटी मशीनवर होती.

"धाकटे, मी अस्तर कापत होते, ते सरळ असायचं का?"

मशीन खडखडत राहिलं.

"मशीन बंद कर आणि सांग."

धाकटीने पाय उचलला. "नसायचं," ती खाली बघून म्हणाली. "मी नीट करून घ्यायची."

"आणि मोटरचं तुला माहीत होतं."

"होतं."

"म्हणजे तिकडे मोटर आणि इकडे तू! आणि मी मध्ये माकड!"

"मग काय करू?" धाकटीलाही फुटलं. "तुम्ही संध्याकाळी ते शिडीचं सांगायचात तेव्हा तुमचं तोंड किती दिवसांनी पहिल्यासारखं दिसायचं. मी कोणत्या तोंडाने सांगू, ताई, वाकडं आहे म्हणून? आणि कायदाही मोडला मी. कात्री धरली तुमची." ती रडायला लागली. मास्तरांना खरं तर आणखी पुष्कळ बोलायचं होतं. पण रडणाऱ्या माणसावर ओरडण्यात काही दम नसतो. त्यांनी डाव्या हाताने चहा टाकला, अर्धा बाहेर सांडला, आणि धाकटीने तो पुसला नाही. आता ती मागून काही नीट करणार नव्हती, तेवढं त्यांच्या लक्षात आलं.

खेळवालीने पुढच्या खेपेला मशीन बदलून आणलं. पडद्याच्या बाजूला आता एक उभी पट्टी होती. तिच्यात हिरवा भाग म्हणजे आपला जोर आणि पिवळा भाग म्हणजे मोटरचा. मास्तर बसल्या. मूठ मिटताना पट्टी बरीच हिरवी झाली. मूठ उघडताना पट्टी खालपासून वरपर्यंत पिवळी, जणू हळद सांडली.

"बघ," मास्तर म्हणाल्या. "आता कळलं. मिटते ती मी. उघडतेस ती तू."

"हो," मुलगी म्हणाली. तिलाही ते असं डोळ्यांसमोर पहिल्यांदाच दिसत होतं. "फळं पकडायचा खेळ होता ना, म्हणून मी मिटण्याकडेच लक्ष दिलं. उघडणं म्हणजे मला नुसती पुढच्या फळाची तयारी वाटली. आता उघडण्याचा खेळ करते. मूठ उघडली की पाखरू उडेल, असं..."

"पाखरू नको."

"मग फुगा?"

"पाखरू नको, फुगा नको, माकड तर मुळीच नको. रेघ दे. मी उघडली तर पुढे जाईल, नाही उघडली तर थांबेल. आणि त्या बाईला गप्प कर. शाब्बास म्हणतेय मेली."

"माझ्या टाळ्या काढू नका हं!" शेजारून ड्रायव्हरकाका ओरडले. "घरी कोण वाजवतंय मला?"

"पण मोटर?" मुलीने त्यांना विचारलं. "पट्टी दाखवू तुम्हालाही?"

काकांनी विचार केला. "पट्टी दाखवा. टाळ्याही ठेवा. मला ठाऊक आहे की मी भिकार खेळतो. पण तरी वाजवा."

तेव्हा बटणं दोन झाली. एक मदतीचं, एक टाळ्यांचं, ज्याला जसं हवं तसं. लोक डॉक्टरला देव म्हणतात, आणि म्हणावंच, जीव त्यांनी वाचवला. पण वाचवलेला जीव पुढे रोज उठून करणार काय, हे बघायला एखादी अशी वायरी गळ्यात घातलेली पोरगी लागते. तिचे आभार कुणी मानत नाही. मास्तरांनीही मानले नाहीत. त्या रोज येऊन रेघेवर हरत आणि मशीनला अशा शिव्या देत की हॉलमधले दुसरे लोक आपला व्यायाम सोडून ऐकत. उघडण्याची पट्टी महिनाभर पिवळीच होती. मग तळाशी एक हिरवी कड आली, नखाएवढी. मास्तरांनी मॅडमना बोलावून ती दाखवली, आणि "ही खरी आहे ना?" असं दोनदा विचारून घेतलं.

लग्नसराई आली. ठरल्याप्रमाणे धाकटीने टेबलावर अस्तराचा कपडा अंथरला आणि बाजूला उभी राहिली. मास्तरांनी दोन बाह्या कापल्या. घाम फुटला, मध्ये दोनदा थांबावं लागलं, कात्री उघडताना दात आवळले गेले. धाकटीने दोन्ही बाह्या एकीवर एक ठेवल्या, उजेडात धरल्या, टेप लावला. 

"डावी थोडी वाकडी आहे," ती म्हणाली. "पण चालेल. बाह्या तुम्ही घ्या. सरळ कापणं सगळं तुमचं. गळा मी तुम्हाला देणार नाही. गळ्यासाठी तो समोरचा मास्तर सकाळी येईल."

"माझ्या टेबलावर?"

"टेबल लांब आहे. दोघं मावाल."

"आणि गळा का नाही?"

"कारण तो वाकडा येतो, ताई."

मास्तर संतापल्या. त्या माणसाचं कापणं म्हणजे उंदराने कुरतडल्यासारखं असतं, इथपासून धाकटीच्या माहेरापर्यंत सगळं त्यांनी काढलं. धाकटी ऐकत राहिली आणि एकही शब्द मागे घेतला नाही. बोलून बोलून दमल्यावर मास्तरांनी पुढची बाही ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी त्या तळमजल्यावर आल्या आणि खेळवालीसमोर हात आपटला. उजवाच. "रेघ गोल कर. मला गळा कापायचाय."

"गोल अवघड आहे. उघड-मीट लागोपाठ लागेल." मुलगी बटणं दाबता दाबता थांबली. "मदत किती ठेवू?"

मास्तरांनी हात पन्हळीत ठेवला. "ठेव थोडी. पण मला दिसेल अशी."

पडद्यावर गोल रेघ आली. मास्तर पहिल्याच वळणावर हरल्या. त्यांनी मशीनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि दांडा पुन्हा मुठीत घट्ट धरला.